काळ्या घळीवरच्या काठ्या

१

मर्डो टलकला खाली आणलं तेव्हा उपाहारगृहात बेकन रोलसाठी रांग लागलेली होती. खिडकीतून स्ट्रेचर दिसलं आणि रांग जागच्या जागी थिजली. कोरी वान डोंगराच्या उतारांवर आयुष्यभर ज्याचा शब्द चालला, तो या स्की-केंद्राचा व्यवस्थापक नारिंगी ताडपत्रीखाली निपचित पडला होता. ताडपत्री पुरली नव्हती. स्कीचे बूट बाहेर आले होते आणि त्यातला एक भलत्याच दिशेला वळला होता.

इन्स्पेक्टर एफी गन इन्व्हरनेसहून पोचली तोवर रांगेतल्या लोकांनी निकाल देऊन टाकला होता.

"ऊनाच्या काठ्यांनी मारलं त्याला," एक म्हातारा आपल्या सूपाच्या वाडग्याकडे बघत म्हणाला. "दुसरं काय?"

एफीला अधिक विचारावं लागलं नाही. ती शेजारच्याच खोऱ्यातली, मेंढपाळाची मुलगी. स्की तिला कधी जमलं नाही, पण हा डोंगर ती लहानपणापासून ओळखत होती. माथ्यावरून खाली येणारी वाट काळ्या घळीच्या कडेनं जाते. घळीच्या तोंडावर वाऱ्यानं बर्फाचा छज्जा बांधलेला असतो. वरून तो भक्कम जमिनीसारखा दिसतो, पण खाली पोकळ असतो. ढग उतरला की हात लांब केला तरी बोटं दिसत नाहीत. म्हणून रोज संध्याकाळी गस्तीची माणसं कडेपासून लांब बांबूच्या काठ्यांची रांग रोवून ठेवतात. ढगात सापडलेल्यानं एका काठीवरून दुसरी शोधत खाली यायचं. आज त्या रांगेतल्या शेवटच्या चार-पाच काठ्या वळून थेट घळीच्या तोंडाशी गेल्या होत्या, आणि तिथला छज्जा तुटला होता.

काठ्या रोवल्या होत्या गस्तीची प्रमुख ऊना मॅक्रे हिनं.

"एफी, पोरी." मागून ओळखीचा आवाज आला.

डॉक्टर लॅकलन शॉ. खोऱ्यातले एकुलते एक डॉक्टर आणि डोंगरातल्या बचाव पथकाचेही डॉक्टर. मागच्या हिवाळ्यात एफीची आई गेली तेव्हा शेवटच्या रात्री तिचा हात धरून हेच बसले होते, कारण एफी बर्फात अडकून वेळेवर पोचू शकली नव्हती. आज ते अचानक म्हातारे दिसत होते. मर्डो त्यांचा शाळेपासूनचा मित्र.

"मान मोडली," ते हळू आवाजात म्हणाले. "पडल्या क्षणीच गेला. इशबेलला मी तेवढंच सांगितलं. त्याला काही कळलंसुद्धा नाही म्हटलं."

इशबेल म्हणजे मर्डोची बायको. एफीनं मान हलवली आणि ताडपत्री कमरेपर्यंत बाजूला केली. चेहरा शांत होता. शिरस्त्राणाला तडा गेला होता, कमरेचा रेडिओ चक्काचूर झाला होता. कपाळावर सरकवलेल्या गॉगलच्या काचा काळ्याभोर होत्या.

"गॉगल डोळ्यांवर होता?"

"हो. मी वर सरकवला. डोळे मिटायचे होते ना."

तिनं मर्डोच्या छातीवरचा खिसा चाचपला. आत मऊ फडक्यात नीट गुंडाळलेल्या, त्याच गॉगलला बसणाऱ्या पिवळ्या काचा होत्या. तिनं त्या होत्या तशाच परत ठेवल्या.

तेवढ्यात गस्तीच्या खोलीचं दार धाडकन उघडलं. दारात उंच, लाल केसांची बाई उभी होती. हातात रक्तानं कडक झालेला लोकरी मफलर घट्ट पिळून धरलेला.

"मीच रोवल्या त्या काठ्या," ऊना मॅक्रे सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "मला न्यायला आला असाल तर न्या एकदाचं. या लोकांना जेवू तरी द्या."

२

खोलीत ओल्या हातमोज्यांचा वास होता. ऊना बसायला तयार नव्हती.

"कुंपणाच्या दोरीला लागून रोवल्या मी," ती म्हणाली. "कडेपासून एक अख्खी बस आडवी लावता येईल एवढ्या लांब. दिवस मावळायच्या आत रोवल्या, दोनदा मागे वळून बघितल्या. इन्स्पेक्टरबाई, मी वेंधळी असेन, पण आंधळी नाही."

"मग आज त्या कडेला कशा गेल्या?"

"मला ठाऊक असतं तर मी अशी येरझाऱ्या घालत बसले असते?"

तिनं सगळं सांगितलं. रात्रभर आकाश स्वच्छ होतं. सकाळी असं ऊन पडलं होतं की लोक गाडीतून उतरता उतरताच हसत होते. मर्डो नेहमीसारखा वर पाहणीला गेला. मग पूर्वेकडून ढग आला आणि सोबत वारा. लिफ्टच्या दोरावर बर्फ साचायला लागला म्हणून लिफ्ट बंद केली. त्या वेळी ऊना मधल्या टप्प्यावर एका मुलीचं मनगट बांधत होती. मर्डो रेडिओला उत्तर देईना, तेव्हा शोधाशोध सुरू झाली.

"तोवर वारा पडला होता. ढग मात्र तसाच. मी चढत वर गेले. काठ्या धरून चालले. आणि पुढच्या काठीशी..." तिनं हात पुढे करून दाखवला. "पुढच्या काठीशी जमीनच नव्हती. दोर खाली सोडून सगळ्यांत आधी खाली मीच उतरले. डॉक्टर माझ्या मागून आले."

"मर्डोशी तुमचं भांडण होतं म्हणे."

"होतं की! वारा सुटला की मी म्हणायचे बंद करा, तो म्हणायचा माणसं ग्लासगोहून गाडी हाकत आलीत. गेल्या आठवड्यात सगळ्यांसमोर त्याला म्हातारा गाढव म्हणाले. मग त्यानंच मला चहा पाजला." तिनं मफलर आणखी पिळला. "हा त्याचा. इशबेलनं विणलेला. असा कसा नेऊन देऊ तिला?"

डॉक्टरांशी बोलणं प्रथमोपचाराच्या खोलीत झालं. त्यांनी एफीसाठी चहा ओतला. दूध किती लागतं ते विचारावं लागलं नाही.

"ऊनाला फार ताणू नकोस," ते म्हणाले. "संधिप्रकाशात कुणाचीही चूक होते. दोष द्यायचा तर मला दे."

"तुम्हाला का?"

"मी पहिल्या लिफ्टनं वर गेलो होतो. काय ऊन होतं! त्या वाटेनं गेलो तेव्हाच दिसलं, शेवटच्या काठ्या कडेकडे झुकल्यात. पण सगळं इतकं लख्ख दिसत होतं की मनावरच घेतलं नाही. म्हटलं, भेटली की सांगू पोरीला. आणि राहिलं." त्यांनी कप खाली ठेवला. "तेवढं माझ्या माथी राहील आता."

"मग तुम्ही खाली आलात?"

"छे. ढग आला तसा ग्रीअरच्या खोलीत चहा घेत बसलो. रेडिओवर मर्डोला हाका मारताना ऐकलं तेव्हा उठलो, आणि कुंपणाची दोरी धरून सावकाश उतरलो. काठ्यांकडे फिरकलोही नाही. फिरकलो असतो तर..."

एफीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तिला ते इन्स्पेक्टरचं काम वाटलं नाही, तरी ठेवला.

ग्रीअर लिफ्टच्या वरच्या टोकाला बसणारी, गोल चेहऱ्याची, तोंडाची टकळी न थांबणारी बाई. आज मात्र तिला शब्द शोधावे लागत होते.

"डॉक्टर आले खरे. ढग यायच्या जरा आधी. कुडकुडत होते बिचारे, कप दोन्ही हातांनी धरला तरी हिंदकळत होता. मी म्हटलं, वय झालं आता, घरी बसा. हसले नाहीत."

"मर्डोला पाहिलंत?"

"पाहिलं नाही, ऐकलं. डॉक्टर यायच्या आधी. घळीच्या बाजूनं ओरडला, 'मागे ये, बोकडा! मागे ये!' अगदी फाटलेल्या आवाजात."

"कुणाला उद्देशून?"

"आता काय सांगू बाई, तो सगळ्यांनाच बोकड म्हणायचा. मला, बर्फगाडीवाल्या स्ट्रुअनला, घरच्या कुत्र्याला. मला वाटलं स्ट्रुअनलाच ओरडतोय."

"का?"

ग्रीअरनं दाराकडे बघून आवाज खाली आणला. "काल मर्डोनं त्याला कामावरून काढलं. त्याच घळीपाशी बर्फगाडी कडेला नेली म्हणून. आणि आज सकाळी मी खाली असताना मला वरून त्याच्या गाडीची घरघर ऐकू आली होती."

बाहेर हवा बदलत होती. खिडकीच्या काचेवरचा बर्फ सुटून घसरत होता. पश्चिमेकडून उबदार वारा आणि पाऊस येणार असं सगळेच म्हणत होते. तो आला की डोंगरावर जे काही उरलं असेल ते पाणी होऊन वाहून जाणार होतं. लिफ्ट बंद होती. एफीला स्की येत नव्हतं.

ती बाहेर आली. "माथ्यावर जायला काय आहे?" तिनं मोठ्यानं विचारलं.

आवारात उतार सपाट करणाऱ्या बर्फगाडीचं अजस्र लाल यंत्र धडधडत उभं होतं. त्याच्या दारातून एक दाढीवाला तरुण खाली वाकला.

"मी आहे ना, बाईसाहेब," स्ट्रुअन इनिस म्हणाला. "बसा."

३

डॉक्टर धावत तिच्यामागे आले होते. "एफी, वेडेपणा करू नकोस. हवा बघ. आणि तो पोरगा..." पुढचं इंजिनाच्या आवाजात बुडालं. तिनं दार लावून घेतलं.

यंत्र चढाला लागलं तसं आकाश खाली आलं. थोड्याच वेळात काचेपलीकडे काही उरलं नाही. वर, खाली, पुढे सगळं एकाच राखी रंगाचं झालं. दिव्यांचा उजेड ढगावर आपटून परत तोंडावर येत होता.

"विचारा की," स्ट्रुअन म्हणाला. "सगळं चहाघर तेच विचारतंय. मी ढकललं का म्हाताऱ्याला?"

"ढकललंस?"

तो जोरात हसला आणि लगेच थांबला. "काल त्यानं मला काढलं. बरोबर होतं त्याचं. मी फाजीलपणानं गाडी छज्ज्याजवळ नेली होती. पण रात्री घरी आला माझ्या. म्हणाला, बोकडा, तू मेलास तर तुझ्या आईला काय सांगू? मोसम संपेपर्यंत खालच्या उतारांवर काम कर, मग बघू."

"हे कुणी ऐकलं?"

"आईनं. पण आई माझ्या बाजूनंच बोलणार, नाही का?"

"आज सकाळी तू वर होतास."

त्याचे हात चाकावर घट्ट झाले. "होतो. उजाडताना. लिफ्ट सुरू व्हायच्या आधीच उतरलो. मर्डोनं नको सांगितलं होतं म्हणून कुणाला बोललो नाही." मग तो म्हणाला, "शेवटचा एकदा वरचा उतार सपाट करावा वाटलं. मी चांगला करतो तो उतार."

"काठ्या पाहिल्यास?"

"पाहिल्या. कुंपणाला लागून, सरळ. ऊनाच्या काठ्या नेहमी सरळच असतात."

एफीनं त्याच्याकडे पाहिलं. दोघांपैकी एकजण खोटं बोलत होता. डॉक्टरांना त्या वाकड्या दिसल्या होत्या, याला सरळ. आणि यालाच खोटं बोलायला कारण होतं. खाली सगळ्यांनी तिला या माणसाबरोबर जाताना पाहिलं होतं, पण ढगात काय झालं ते कुणाला दिसणार होतं?

यंत्र चढत राहिलं. मग एकाएकी स्ट्रुअननं ते थांबवलं. इंजिन बंद केलं. दिवेही विझवले. ढगातली शांतता कानात दाटून आली.

"उतरा," तो म्हणाला.

"इथे?"

"इथेच. तुमच्या बाजूनं नको. माझ्या बाजूनं."

"का?"

"कारण तुमच्या बाजूला जमीन कुठे संपते ते मला दिसत नाहीये." त्यानं आपलं दार उघडून हात पुढे केला. "आणि माझ्या बोलण्यावर विश्वास नसेल, तर हा दोर कमरेला बांधा. दुसरं टोक माझ्या कमरेला. तुम्ही गेलात तर मीही जाईन. झालं समाधान?"

४

दिवे विझल्यावर ढगातही थोडं दिसू लागलं. ते दोघं दोर बांधून पुढे सरकले. आधी कुंपण लागलं. लाकडी फळ्या आणि दोरीचं ते जुनं कुंपण आता कुंपण वाटत नव्हतं. त्याच्या अंगावर बर्फाची लांबच लांब पिसं उगवली होती, पांढऱ्या पक्ष्याच्या पंखांसारखी, आणि प्रत्येक पिसाचं टोक एकाच दिशेला होतं.

"पूर्वेला," एफी पुटपुटली.

"ढग तिकडूनच आला ना," स्ट्रुअन म्हणाला. "वारा ढग आणून थडकवतो, ते जागच्या जागी गोठतं. पिसं वाऱ्याच्या तोंडाकडेच वाढतात."

एफीला हे सांगायची गरज नव्हती. हिवाळ्यातल्या सकाळी तारेच्या कुंपणावरची अशी पिसं तोडून खात ती मोठी झाली होती. रात्री वारा कुठून होता हे बाप त्यांच्यावरूनच सांगत असे.

मग त्यांना काठ्या दिसल्या.

वरच्या काठ्या कुंपणाला लागून सरळ उभ्या होत्या. त्यांची पिसंही पूर्वेकडे तोंड करून होती. पुढे मात्र रांग वळली. शेवटच्या चार-पाच काठ्या घळीकडे गेल्या होत्या. एफी पहिलीजवळ गुडघ्यावर बसली. हिची पिसं उत्तरेकडे होती. पुढचीची पश्चिमेकडे, वाऱ्याला पाठ करून. तिच्या पुढचीची थेट दक्षिणेला. आणि प्रत्येक काठीवर मधोमध मूठभर जागा साफ उघडी होती. तिथे एक पीसही शिल्लक नव्हतं.

"कुणीतरी इथे धरून उपटली," स्ट्रुअन सावकाश म्हणाला. "आणि पुन्हा रोवताना कोणती बाजू कुठे जाते ते पाहिलं नाही."

"पिसं वाढल्यानंतर उपटली," एफी म्हणाली. "आधी नाही."

कुंपणाच्या कडेनं थोडं शोधल्यावर जुनी भोकंही सापडली. सरळ रेषेत, जिथे ऊनानं म्हटलं होतं तिथेच. प्रत्येक भोकाभोवती तुटलेल्या पिसांचा चुरा पडला होता.

तिनं फोन काढून भराभर फोटो घेतले. तेवढ्यात तिच्या मनगटावर काहीतरी पडलं. पाणी. मग आणखी एक थेंब. पश्चिमेचा उबदार वारा घळीतून वर येत होता. कुंपणावरचं पहिलं पीस सुटलं आणि आवाज न करता खाली पडलं.

"लवकर," स्ट्रुअन म्हणाला. "अर्ध्या तासात इथे नुसत्या ओल्या काठ्या उरतील."

तिनं शेवटच्या काठीचा फोटो घेतला आणि तशीच वाकलेली राहिली. तिच्या डोळ्यांपुढे मर्डोचे काळे गॉगल आले. ढगात काळ्या काचा लावून कुणी स्की करत नाही. आयुष्य डोंगरावर काढलेला माणूस तर नाहीच. ढगात घालायच्या पिवळ्या काचा खिशात तयार असताना तर मुळीच नाही. म्हणजे मर्डो ढगात वाट चुकला नव्हता. तो उन्हात पडला होता, कड लख्ख दिसत असताना. काठ्यांचा त्याच्या मरणाशी संबंधच नव्हता. त्या नंतर हलवल्या, ढग येऊन पिसं वाढल्यावर.

म्हणजे सकाळच्या उन्हात त्या सरळ होत्या, स्ट्रुअन म्हणाला तशा.

मग ज्यानं त्या उन्हात वाकड्या पाहिल्या असं सांगितलं, त्यानं...

"बाईसाहेब?" स्ट्रुअननं दोराला हिसका दिला. "बरं वाटत नाहीये का?"

एफी उठली. तिला आईच्या खोलीतली ती खुर्ची दिसत होती, आणि त्या खुर्चीत बसून रात्र काढलेला माणूस.

"खाली चल," ती म्हणाली.

५

खाली पोचल्यावर ती आधी ऊनाकडे गेली. ऊना बेसिनपाशी उभी राहून तो मफलर गार पाण्यात चोळत होती.

"हा मर्डोच्या गळ्यात होता?"

"गळ्यात?" ऊनानं वळून पाहिलं. "नाही. मांडीला होता. गुडघ्याच्या वर करकचून बांधलेला. डॉक्टरांनी सोडला आणि बाजूला टाकला, तो मी उचलला." तिचे हात पाण्यात थांबले. त्या दिवसाच्या धांदलीत तिला पहिल्यांदाच त्याचा अर्थ लागत होता. "इन्स्पेक्टरबाई, तो बांधला कुणी?"

एफी वळून बाहेर पडली.

डॉक्टर प्रथमोपचाराच्या खोलीत एकटेच होते. दिवा लावलेला नव्हता. पावसाचे ओघळ खिडकीवरून वाहत होते.

"पाऊस लागला," ते म्हणाले. "वर काही मिळालं नसेल."

"मिळालं." ती समोर बसली. "तुम्ही म्हणालात, सकाळी उन्हात तुम्हाला काठ्या वाकड्या दिसल्या."

"हो."

"नाही दिसल्या. उन्हात त्या सरळ होत्या. ढगातला बर्फ अंगावर चढल्यावर त्या उपटल्या गेल्या. त्यांची पिसं चारी दिशांना आहेत आणि मधे हाताची मूठ उमटलीय. माझ्याकडे फोटो आहेत."

डॉक्टर खिडकीकडे बघू लागले.

"मर्डोच्या डोळ्यांवर उन्हाच्या काचा होत्या. तो ढग यायच्या आधी पडला. त्याची हाक ग्रीअरनं ऐकली, आणि थोड्याच वेळात तुम्ही कुडकुडत तिच्या दारात आलात. ढग दाटल्यावर ग्रीअर आणि तुम्ही सोडून माथ्यावर कुणी नव्हतं. ग्रीअरनं खोली सोडली नाही. तुम्ही मात्र रेडिओवर हाका सुरू झाल्यावर बाहेर पडलात." तिनं खुर्ची पुढे ओढली. "डॉक्टर, मला काहीतरी सांगा. मी चुकतेय असं तरी सांगा."

डॉक्टरांनी गुडघ्यांवरून हात फिरवला.

"मला ती घळ उतरायची होती," ते म्हणाले. "तरुणपणी आम्ही दोघांनी उतरली होती. गुडघे संपत आलेत माझे, एफी. म्हटलं, एकदाच. दोरी ओलांडून नुसतं डोकावायला गेलो. बर्फ कसा आहे ते बघायला. त्यानं लांबून पाहिलं. ओरडत आला. मी हसलो त्याला. त्यानं माझ्या पाठपिशवीचा पट्टा धरला आणि मला मागे असा ओढला की मी उताणा पडलो. आणि त्याच झटक्यात तो पुढे गेला. माझ्या जागी. मग त्याच्या पायाखालचं सगळंच गेलं. आवाजसुद्धा झाला नाही."

"आणि तुम्ही?"

"वाकून पाहिलं. खूप खाली होता. हलत नव्हता. मी डॉक्टर आहे, मला कळतं माणूस गेला की."

"वरून कळतं?"

त्यांनी तोंड फिरवलं.

"तुमच्याकडे फोन होता. ग्रीअरच्या खोलीत रेडिओ होता, तुमच्या हातापासून दोन फुटांवर. ऊन असताना पथक पोचलं असतं. तुम्ही चहा प्यायलात."

"सांगणार होतो. प्रत्येक घोटाला वाटत होतं, आता सांगतो. मग ढग आला. मग वाटलं, आता इतका वेळ का थांबलात म्हणून विचारतील. बचाव पथकाचा डॉक्टर, दोरी ओलांडून गेला आणि मित्राला..." त्यांचे ओठ हलत राहिले. "लोकांना वाटावं, ढगात वाट चुकला. एवढंच हवं होतं मला. ऊनाचं नाव येईल हे डोक्यातच आलं नाही."

"आल्यावर तरी बोलायचं होतं. तुम्ही उलट तिच्याविरुद्ध मला साक्ष दिलीत."

डॉक्टरांनी समोरचा कप बाजूला सारला.

"मफलर," एफी म्हणाली.

डॉक्टरांनी डोळे मिटले.

"खाली उतरलो तेव्हा दिसला. मांडीची मोठी रक्तवाहिनी फाटली होती. मोडक्या हातानं बांधला होता त्यानं. गाठ अगदी बरोबर होती." त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "मीच शिकवली होती ती. इथेच, या खोलीत, प्रथमोपचाराच्या वर्गात. फार चेष्टा करायचा तो त्या वर्गाची."

"म्हणजे तुम्ही चहा पीत होतात तेव्हा तो खाली जिवंत..."

"नको," ते म्हणाले. "एफी, ते नको बोलूस."

तिनं बोलायचं थांबवलं नाही. तिनं पूर्ण वाक्य बोलून दाखवलं, सरळ, त्यांच्या डोळ्यांत बघत, कारण कुणीतरी ते एकदा मोठ्यानं बोलायलाच हवं होतं. मग तिनं बाहेर उभ्या असलेल्या हवालदाराला आत बोलावलं.

६

टलकांचं घर पुलापलीकडे होतं. चुलीवर मर्डोसाठी ठेवलेलं जवाचं सूप अजून तसंच होतं. इशबेल टेबलाशी बसून ऐकत होती. मधे एकदाही तिनं एफीला थांबवलं नाही. एफीनं काही गाळलं नाही आणि काही मऊही केलं नाही. मफलरपाशी आल्यावर मात्र तिला दोनदा श्वास घ्यावा लागला.

सगळं सांगून झालं. कुत्रा दाराशी नाक लावून पडला होता.

"लॅकलनला ओढलं मागे," इशबेल म्हणाली. "म्हणजे त्यानं पाहिलं असणार, आपण जातोय. तरी ओढलं."

"हो."

"गाढव." तिनं नसलेला चुरा झटकावा तसा हात टेबलावरून फिरवला. "दोघंही गाढव. शाळेपासून."

मग ती रडली. एफी नुसती बसून राहिली. खिडकीबाहेर डोंगरावरून पाणी खाली येऊ लागलं होतं. ओढ्याचा आवाज मघापेक्षा मोठा झाला होता.

रडून झाल्यावर इशबेलनं तोंड धुतलं, चुलीवरचं सूप उतरवलं आणि त्यावर झाकण ठेवलं.

"शीनाला कळलं का?" तिनं विचारलं.

शीना म्हणजे डॉक्टरांची बायको. एफीनं नकारार्थी मान हलवली. "तिच्याकडे आता एक हवालदार जाईल."

"हवालदार?" इशबेलनं खुंटीवरचा कोट काढला. "हवालदाराकडून कळू द्यायचं तिला? घरात एकटी असेल ती. दिवसभर लॅकलनची वाट बघत असेल."

"इशबेल, तुम्हाला हे करायची काही गरज नाही. आज तरी नाही."

"मला माहीत आहे." तिनं एक एक करून बटणं लावली. सूपाचं भांडं फडक्यात गुंडाळून उचललं. "मी काय बोलणार आहे तिच्याशी, मलाच ठाऊक नाही. कदाचित दारातूनच परत येईन. पण कुणीतरी गेलं पाहिजे, आणि आज खोऱ्यात तिच्या दाराशी दुसरं कुणी जाणार नाही."

एफीनं गाडीचं दार उघडून धरलं. इशबेल भांडं मांडीवर घेऊन बसली. गाडी पावसातून पुलावर आली तेव्हा पलीकडे डॉक्टरांच्या घरातला दिवा दिसला, आणि दारात उभी राहून रस्त्याकडे बघणारी बाईही.